अर्जदारातर्फे म्हणणे

मी त्यांना प्लंबर समजलो.

आमच्या बाथरूमचा नळ दोन दिवस गळत होता आणि वॉचमनने दहा वाजता माणूस येईल असं सांगितलं होतं. दहाला दोन मिनिटं कमी असताना बेल वाजली. दारात साठीपुढचे एक गृहस्थ, खांद्याला खाकी पिशवी. झटपट कामं उरकणारा म्हणून मी कुठेच प्रसिद्ध नाही, पण त्या दिवशी मी अजिबात वेळ दवडला नाही. 'या, इकडे या' म्हणत त्यांना थेट बाथरूममध्ये नेलं आणि नळ दाखवला. त्यांनी पिशवी कोरड्या जागी ठेवली, नळ उघडून-मिटून पाहिला आणि वायसर गेलाय, घरात पाना आहे का, असं विचारलं. पाना होता. मग त्यांनी जुन्या स्लिपरचा तुकडा मागितला, कात्रीने गोल कापला, बसवला. थेंब थांबला. किती झाले, असं मी विचारल्यावर त्यांनी हात पुसले, पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मतदारयादीप्रमाणे या घरात दोन स्त्रिया राहतात. त्यातल्या एक आपण का?"

यादी पाहिली. माझ्या नावापुढे 'स्त्री' होतं आणि पतीचं नाव म्हणून माझ्या वडिलांचं नाव. गेल्या कित्येक निवडणुकांत मी स्वतःच्या वडिलांची बायको म्हणून मतदान करत आलो होतो आणि केंद्रावर कुणालाच त्यात वावगं दिसलं नव्हतं.

बायको चहा घेऊन बाहेर आली आणि माझ्या वतीने माफी मागितली. ते म्हणाले, "वहिनी, नळ खरंच गळत होता." ते गेल्यावर मी तिला समजावलं, की पिशवी खाकी होती, म्हणून घोटाळा झाला. ती म्हणाली, आपले चेअरमनही तसलीच पिशवी घेऊन येतात, त्यांना नाही कधी तुम्ही बाथरूममध्ये नेलंत. ती शाळेत भूगोल शिकवते. कोण कुठे उभं असतं हे तिला माझ्याआधी दिसतं.

पाहुणे आले की मी ही गोष्ट सांगतो आणि इथेच थांबतो. इथपर्यंत ती चांगली आहे.

ते गृहस्थ टपाल खात्यातून सॉर्टर म्हणून निवृत्त झाले होते आणि मतदारयादीतल्या चुका शोधत घरोघर फिरत. आमच्या सोसायटीच्या खालच्या अंगाला ओढा आहे; त्याला आता सगळे नाला म्हणतात. नाल्याच्या दोन्ही काठांना त्यांची वस्ती. मध्ये एक अरुंद साकव. अलीकडच्या काठाला विहार, पलीकडच्या काठाला अंगणवाडी आणि सार्वजनिक नळ. वस्तीतले लोक त्यांना सर म्हणत, जरी त्यांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं. सरकारी कचेरीत त्यांचं नाव वेगळं होतं. तिथे त्यांना हरकतराव म्हणत.

कारण असं, की ते कधीही 'हरकत नाही' म्हणत नसत. पुण्यात राहून हे फार अवघड आहे. आम्ही 'चहा घेणार का' याला 'हरकत नाही' म्हणतो, म्हणजे हवाय हेही कळतं आणि मागितल्याचा आळही येत नाही. ते 'घेईन' म्हणत किंवा 'नको' म्हणत. माझ्या तोंडून दिवसातून वीस वेळा तो शब्द निघे आणि दर वेळी ते थांबून वाट बघत, जणू मी खोकलो होतो. एकदा मी विचारलंच. ते म्हणाले, हरकत ही माणसाकडे असलेली वस्तू आहे. ती घराबाहेर पडताना खिशात आहे की नाही ते बघावं. नाही, नाही असं सारखं म्हणत राहिलं, तर एक दिवस खरंच नसते.

शब्दांच्या बाबतीत ते चेंगट होते, हे खरं. आमच्या घरात 'घटना' म्हणायची पद्धत. ते 'संविधान' म्हणत. मी म्हटलं, एकच की. ते म्हणाले, एकच आहे, पण घटना म्हणजे घडून गेलेली गोष्ट असंही होतं. तुमच्याकडे ती घडून गेली असेल.

दर रविवारी सकाळी विहारात वंदना झाली, की ते ओट्यावर बसून मतदारयादी वाचत. अख्खी. भाग क्रमांक, घर क्रमांक, नाव, वय. लोक आपलं नाव आलं की 'हजर' म्हणत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला हसू आवरेना, कारण सखूबाई नावाच्या एका आजींचं नाव यादीत दोनदा होतं, एकदा सखूबाई आणि एकदा सुखबाई, आणि त्या दोन्ही वेळा तितक्याच जोरात हजर होत. पण थोड्या वेळाने हसू गेलं. एखाद्या नावाला उत्तर आलं नाही, की ते मान वर करत. कुणीतरी सांगे, वाघोलीला राहायला गेला. कुणीतरी सांगे, हिंजवडीच्या कंपनीत सफाईला आहे, रविवारीपण ड्युटी. आणि कधी कुणी काहीच सांगत नसे. मग ते पेन्सिलीने नावाभोवती चौकट करत, चष्मा काढत, पुन्हा लावत आणि पुढचं नाव घेत. कचेरीतून मेलेल्यांची नावं कमी व्हायला वर्षं लागत. त्यांच्या यादीत त्याच रविवारी होत.

एखाद्या अर्जावर सही हवी असेल तर ते दारात येऊन एकदा सांगत. कागद ठेवून जात. दुसऱ्यांदा मागायला येत नसत. दुसऱ्यांदा मागितलेली सही ही भिडेपोटी केलेली सही असते, असं त्यांचं म्हणणं, आणि भिडेच्या शंभर सह्यांपेक्षा मनाच्या सात बऱ्या. त्यामुळे त्यांच्या अर्जांवर पुष्कळदा सातच सह्या असत आणि वस्तीतले कार्यकर्ते त्यांच्यावर वैतागत. महिला मंडळाच्या मावशी तर तोंडावर बोलत, "सर, तुमच्या तत्त्वाने नळाला पाणी येत नाय." ते म्हणत, खडकवासल्यात पाणी आहे, नळही आहे, मधे कोण अडवतंय तेवढं शोधायचं राहिलंय.

आणखी एक त्यांचं मत होतं, त्यावर वाद व्हायचे. निवडून दिलेला माणूस चुकला, पैसे खाल्ले, फिरकला नाही, की लोक त्याला शिव्या देत. हे म्हणत, शिव्या आरशासमोर उभं राहून द्या. प्रतिनिधी चुकला म्हणजे ज्याने पाठवला तो चुकला. हे ऐकायला कुणाला आवडणार? मला आवडायचं, कारण तोवर मी कुणाचा प्रतिनिधी म्हणून कुठे गेलो नव्हतो.

मग खूप वर्षं रखडलेल्या निवडणुका लागणार अशी चिन्हं दिसू लागली आणि प्रभागांचा कच्चा नकाशा लागला. त्यावर हरकती आणि सूचना मागवल्या होत्या. नकाशात प्रभागाची हद्द नाल्याच्या मधोमध गेली होती. अलीकडची वस्ती आमच्यासारख्या सोसायट्यांच्या प्रभागात, पलीकडची बाजारपेठेच्या. ते नकाशा घेऊन आमच्याकडे आले आणि डायनिंग टेबलावर पसरून त्यांनी मला जे सांगितलं, ते मला आजही पाठ आहे. सगळी वस्ती एका प्रभागात राहिली तर उमेदवाराला आमच्या दारात यावंच लागेल. दोन तुकडे झाले तर दोघांपैकी कुणालाच यायची गरज नाही. एवढंच. यात राजकारण काही नाही, बेरीज आहे.

त्यांनी दोन आठवडे त्या अर्जावर घालवले. घराघरांत जाऊन माणसं मोजली, जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला स्वतः नकाशा काढला. यावेळी सह्या सात नव्हत्या. साकवाच्या दोन्ही बाजूंनी प्रत्येक घराची एक होती. सखूबाईंनी दोन केल्या, त्यातली एक त्यांनी खोडायला लावली.

सुनावणीची तारीख लागली ती त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दिवशी. ते ऑपरेशन सोडायला निघाले होते; पण एका डोळ्याने आधीच जवळजवळ दिसत नव्हतं, दुसरा त्याच वाटेवर होता. मुलगी अडून बसली. तेव्हा ते अधिकारपत्र घेऊन माझ्याकडे आले. मी म्हटलं, वस्तीतलं कुणी का नाही? मावशी माझ्यापेक्षा शंभर पटीने चांगलं बोलतात.

"वस्तीतल्या माणसाने सांगितलं की त्याला मागणं म्हणतात," ते म्हणाले. "आपण सोसायटीतले. आपण सांगितलंत की ते म्हणणं होईल."

मला अभिमान वाटला, हे लपवत नाही. मी इस्त्रीचा शर्ट घातला. बँकेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली. त्यांचा अर्ज तीनदा वाचला, खुणा केल्या, आरशासमोर बोलूनही पाहिलं.

सभागृहात अकराला बोलावलं होतं. नंबर आला पावणेतीनला. मी उपाशी होतो, तीनला बँकेत पोचायचं होतं. समोर बसलेले अधिकारी अतिशय सभ्य होते. कुणी वाईट वागलं असतं तर मी बहुधा बोललो असतो. माझा घात सभ्यपणाने होतो. त्यांनी फाइल उघडली आणि थकलेल्या आवाजात म्हणाले, "नाल्याच्या हद्दीबद्दल ना? वाचलाय मी अर्ज सगळा. पुन्हा इथे वाचून नाही दाखवलात तर चालेल ना?"

मी म्हणालो, "हरकत नाही, साहेब."

शेजारी लिपिक बसले होते. त्यांच्या पुढ्यातल्या कागदावर एक रकाना होता, 'अर्जदारातर्फे म्हणणे'. दिवसभर लोकांची लांबलचक भाषणं चार शब्दांत बसवून ते दमले असणार. माझं भाषण आयतंच दोन शब्दांचं निघालं. त्यांनी ते लिहून घेतलं, कागद फिरवला आणि बोटाने सहीची जागा दाखवली. मी सही केली. न वाचता. बाहेर येऊन वडापाव खाल्ला आणि सव्वातीनला बँकेत पोचलो. संध्याकाळी त्यांच्या मुलीला फोन करून सांगितलं, की झालं, साहेबांनी अर्ज नीट वाचला होता.

आठवड्याने ते दुपारी घरी आले. मी बँकेतून जेवायला घरी आलो होतो, बायको शाळेत. डोळ्यावर काळा चष्मा, सोबत मुलगी, तिने त्यांचा हात धरला होता. तिला त्यांनी खाली थांबायला सांगितलं. कचेरीतल्या ओळखीच्या माणसाने सुनावणीच्या नोंदीची प्रत दिली होती. त्यांना अजून वाचायची परवानगी नव्हती. मुलीने वाचलीच असणार. पण ते म्हणाले, आपण वाचा, आपण तिथे होतात.

मी वाचलं. अर्ज क्रमांक. अर्जदाराचं नाव, त्यांचं. विषय. मग तो रकाना आला आणि मी थांबलो.

"वाचा."

"अर्जदारातर्फे म्हणणे, हरकत नाही."

खाली कुणाची सही आहे, असं त्यांनी विचारलं. मी माझी आहे म्हणालो. मग काय झालं होतं ते सांगितलं, सगळं, त्या सभ्य साहेबांसकट. सांगताना त्यात थोडी गंमतही आली, सवयीने. ते हसले नाहीत. काळ्या चष्म्यामुळे ते कुठे बघतायत ते कळत नव्हतं.

त्यांनी मुलीच्या अक्षरातला एक मसुदा टेबलावर ठेवला. फाइल वर जायला तीन दिवस होते. 'हरकत नाही' हे शब्द नाल्याच्या हद्दीबद्दल नव्हते, अर्ज वाचून न दाखवण्याबद्दल होते, अनवधानाने चुकीची नोंद झाली आणि मी ती न वाचता सही केली, असा लेखी खुलासा मी द्यायचा. पाच ओळी. मी म्हटलं, उद्याच देतो. ते उठले आणि जिना उतरून गेले.

तो खुलासा मी दिला नाही.

कारणं होती. चेअरमन म्हणाले, तुम्ही सोसायटीचे सेक्रेटरी, त्या नात्याने काही लिहून देऊ नका; आणि वस्तीचे दोन तुकडे झाले तर आपल्या लोकांचं काही बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी बँकेत तपासणी होती. पण खरं कारण ते नाही. मी गाढवपणा केला हे मी तोंडी कितीही वेळा सांगतो, त्यावरच माझं घरात चांगलं चाललंय. पण तेच स्वच्छ अक्षरात लिहून खाली सही करायची म्हटल्यावर हात पुढे होईना. मी पाच ओळींच्या तीन केल्या, तिनाच्या सहा. चौथ्या दिवशी कागद घेऊन गेलो तेव्हा फाइल गेली होती. मधल्या तीन दिवसांत रोज बेल वाजली की वाटायचं, ते आले. ते दुसऱ्यांदा येणार नव्हते, हे मला माहीत होतं.

निकाल आला. पुष्कळांच्या हरकती अमान्य झाल्या होत्या, त्यामुळे आमचीही तशीच झाली असती, असं मी स्वतःला सांगतो. पण इतरांच्या अमान्य झाल्या. आमच्यापुढे लिहिलं होतं, 'अर्जदारातर्फे हरकत नसल्याचे सांगण्यात आले, सबब निकाली.' बायकोला मी एवढंच सांगितलं, की हरकत फेटाळली.

त्या पानाचा फोटो कुणीतरी वस्तीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकला. कोण गेलं होतं सुनावणीला, असं विचारत लोक त्यांच्या घरी गेले. हे मला पुढे कळलं. ते म्हणाले, माझा प्रतिनिधी गेला होता. म्हणणं माझं धरायचं. मावशींनी दोनदा विचारलं, तुम्ही त्यांना असं बोलायला सांगितलं होतं का. ते म्हणाले, पाठवला मी, तेव्हा बोललोही मीच. यापुढे त्यांनी एक शब्द सांगितला नाही. लोकांनी त्याचा सरळ अर्थ काढला.

निवडणूक झाली. दोन्हीकडचे उमेदवार आपापल्या बाजूने साकवापर्यंत आले आणि तिथून परत फिरले. रविवारची यादी वाचणं बंद झालं. म्हणजे ते ओट्यावर बसत, पण ऐकायला कुणी थांबत नसे. मी एकदा लांबून पाहिलं. ते वाचत होते. नाव घेत, थांबत, पुढचं घेत. प्रत्येक नावाला चौकट करायची पाळी आली असती, म्हणून बहुधा पेन्सिल हातात नव्हती. मी तिथूनच मागे वळलो.

परवा त्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. झोपेतच गेले म्हणे. सतरंज्या शंभर माणसांच्या अंथरल्या होत्या. माणसं चौदा होती, मी मोजली. भंतेजींचं सूत्रपठण झालं. त्यांची मुलगी पुढे बसली होती. मावशी माझ्याजवळ येऊन बसल्या आणि मला पाण्याचा ग्लास देत म्हणाल्या, तुम्ही बाहेरचे असून आलात, बरं वाटलं. मग आवाज न चोरता म्हणाल्या, "माणूस सोन्यासारखा होता हो. शेवटी मॅनेज झाला, एवढंच वाईट."

मुलीने ऐकलं. तिने वळून पाहिलं, मावशींकडे नाही, माझ्याकडे. तिला सगळं माहीत होतं. मसुदा तिच्याच अक्षरात होता. मग तिने विचारलं, कुणाला दोन शब्द बोलायचे असतील तर. कुणी उठेना. मी उठलो. त्यांच्या अक्षराबद्दल बोललो, वक्तशीरपणाबद्दल बोललो, टपाल खात्यातल्या एक-दोन गमती सांगितल्या. लोक थोडे हसले. मावशीही हसल्या. मी हात जोडून बसलो.

घरी आलो तेव्हा बायको मेथी निवडत होती. किती जण होते, तिने विचारलं. दारातल्या स्टुलावर बसून सँडलचा पट्टा सोडता सोडता मी सांगायला लागलो, आणि त्या दिवशी पहिल्यांदा सगळं सांगितलं. रकाना, सही, पाच ओळी, मावशी, ती मुलगी. मधे कुठेही गंमत आली नाही. मेथीची जुडी तशीच ठेवून ती उठली, हात धुतले, आणि किल्ली घेऊन दारात आली.

"काढू नका सँडल," ती म्हणाली. "मीही येते मावशींकडे. एकटे गेलात तर पुन्हा दुसरंच काहीतरी बोलून याल."